आधी डावा पाय

(दृश्य: पडदाभर एक पाऊल. पायात मोजा आहे, बूट नाही. टाच लोखंडी पट्टीवर टेकलेली, चवडा पेडलवर.)

पुढच्या काही मिनिटांत गाड्या दिसतील, वळणं दिसतील, स्टेअरिंगवरची चमकणारी बटणंही दिसतील. पण सुरुवात या पायापासून करू. हा डावा पाय आहे. साताऱ्यात गाडी शिकलेल्या कुणालाही विचारा, डाव्या पायाचं काम काय? क्लच. दाबायचा तर पूर्ण दाबायचा. सिम रेसिंगमध्ये क्लच सहसा लागत नाही, म्हणून याच पायाखाली ब्रेक आलाय. किती जोर लावायचा, आणि लावलेला जोर कसा थोडा थोडा काढून घ्यायचा, हे या पायाला पहिल्यापासून शिकावं लागणार आहे.

सिम रेसिंग म्हणजे संगणकावर किंवा गेमिंग कन्सोलवर केलेली मोटारींची शर्यत. पण मोबाइलवरच्या गाड्यांच्या गेमपेक्षा ही गोष्ट वेगळी आहे. इथे प्रोग्राम सतत हिशोब करत असतो: प्रत्येक टायरवर किती वजन आलंय, टायर किती तापलाय, सस्पेन्शन किती दबलंय, टाकीत किती पेट्रोल उरलंय. अनेक ट्रॅक तर लेझरने मोजून घेतलेले असतात. खऱ्या रस्त्यावर जिथे उंचवटा आहे, तिथे तो स्टेअरिंगमध्ये जाणवतो. वेग कमी न करता वळायला गेलात, तर गाडी सरळ जाऊन वाळूत रुतते.

(दृश्य: पोवई नाक्यावरची संध्याकाळची गर्दी. मग एमआयडीसीकडचा रस्ता. अर्धं शटर वर केलेला एक गाळा.)

शर्यतीचं वेड साताऱ्याला नवं नाही. यवतेश्वरच्या घाटात दरवर्षी हिल मॅरेथॉनला हजारो पाय पळतात. यात्रा-जत्रांमध्ये बैलगाड्या सुटतात तेव्हा माळावर पाय ठेवायला जागा नसते. मोटारींच्या शर्यतीचे मोठे ट्रॅक मात्र फार लांब आहेत. ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट, चेन्नईजवळचं इरुंगट्टुकोट्टई, कोइम्बतूरचं कारी मोटर स्पीडवे. कार्टिंग करायचं तर कोल्हापूर जवळ पडतं.

मग वेगाची हौस असलेली पोरं जातात कुठे? घाटात. पसरणीला, यवतेश्वरला, खंबाटकीला. हे रस्ते एसटीचे आहेत, दुधाच्या टेम्पोचे आहेत, सकाळी फिरायला निघालेल्या माणसांचे आहेत. तिथे वळणाची वेळ लावणं म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर उदार होणं. आम्हाला हा विषय घ्यावासा वाटला त्याचं एक कारण हेही आहे. वेग कसा हाताळायचा हे मनापासून शिकायचं असेल, तर त्यासाठी आज एका खोलीत जागा होऊ शकते.

(दृश्य: गाळ्याच्या आत. लोखंडी सांगाडा, त्यावर भंगारातून आणलेलं मोटारीचं सीट. समोर एक मॉनिटर.)

या सगळ्या मांडणीला रिग म्हणतात. परदेशी व्हिडिओंमध्ये ती अ‍ॅल्युमिनियमच्या प्रोफाइलची दिसते, खाचा असलेली, नटबोल्टने हवी तशी हलवता येणारी. ती उत्तमच, पण महाग. इथे दीड इंची चौकोनी पाईप आहे, एमएसचा, म्हणजे साध्या पोलादाचा. गाळ्याचा मालक म्हणजे या रिगवर बसणाऱ्या मुलाचा काका. दिवसभर गेट आणि ग्रिलची कामं, रात्री पुतण्यासाठी हे.

पहिला सांगाडा वेल्ड करून झाला, तेव्हा पुतण्या सीटवर बसला आणि त्याने ब्रेकवर पाय दिला. काका शेजारी उकिडवे बसून पेडलच्या पट्टीकडे बघत होते. म्हणाले, "पट्टी वाकतेय बघ. तू दाबतोस त्यातलं निम्मं लोखंडच खातंय." मग खालून दोन आडवे तुकडे आले, एक तिरका आधार आला. काकांनी आयुष्यात रेसिंगचा गेम पाहिलेला नाही. पण रिगबद्दलची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट त्यांनी त्या रात्री सांगून टाकली. रिग हलता कामा नये. ती हलली की पायाला खोटी माहिती मिळते.

रिग करायची ऐपत नसेल तर टेबल आणि खुर्चीही चालते. फक्त चाकांची खुर्ची असेल तर ब्रेक दाबताच ती मागे पळते. त्यावर जगभरच्या पोरांनी शोधलेला उपाय सोपा आहे: खुर्चीची चाकं जुन्या बुटांमध्ये बसवायची. दिसायला कसंही दिसो, काम होतं.

(दृश्य: स्टेअरिंग जवळून. हात सोडल्यावरही ते स्वतःहून थोडं हलतं.)

आता स्टेअरिंग. नवखा माणूस सगळ्यात आधी याच्याकडे बघतो, आणि पैसेही इथेच घालतो. दोन भाग असतात. हातात धरायचं चाक म्हणजे रिम, आणि त्यामागचा मोटर असलेला डबा म्हणजे व्हीलबेस. ही मोटर तुमच्या हाताविरुद्ध जोर लावते. त्याला फोर्स फीडबॅक म्हणतात.

तो जोर लावायच्या तीन पद्धती आहेत. पहिली गियरची. लॉजिटेकचं जी२९ हे त्याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण, २०१५ सालापासून बाजारात आहे. मोटर दातेरी चाकांमधून स्टेअरिंग फिरवते, त्यामुळे थोडा खडखडाट येतो. पण यंत्र चिवट आहे. दुसरी पद्धत पट्ट्याची, तिला बेल्ट ड्राइव्ह म्हणतात. थ्रस्टमास्टरचं टी३०० त्यातलं. हालचाल मऊ, आवाज कमी. तिसरी डायरेक्ट ड्राइव्ह. मध्ये गियर नाही, पट्टा नाही, रिम थेट मोटरच्या दांड्यावर. फॅनाटेकचं सीएसएल डीडी, मोझाचं आर५ ही यातली नवख्यांसाठीची यंत्रं.

जोर न्यूटन मीटरमध्ये मोजतात. जी२९ साधारण २ न्यूटन मीटरचं, आर५ साडेपाचचं, सीएसएल डीडी मोठा पॉवर सप्लाय जोडला की ८ चं. हे आकडे कागदावर समजत नाहीत, म्हणून हातात घेऊन बघू. ३० सेंटिमीटर रुंदीच्या रिमवर ८ न्यूटन मीटर म्हणजे कडेला जवळजवळ साडेपाच किलोचा ओढा. २ न्यूटन मीटर म्हणजे दीड किलोच्याही आत. त्यामुळे डायरेक्ट ड्राइव्हवर गाडी भिंतीला लागली तर हात आधी सोडायचे, आणि अंगठे रिमच्या आत अडकवून कधीच धरायचं नाही. मनगट आणि अंगठा दुखावल्याचे प्रकार खरोखर होतात.

पण नुसता जोर मिळून उपयोग नाही, तो काय सांगतोय ते कळायला हवं. वळणात गाडी वळवताना स्टेअरिंग जड होत जातं. मग एका क्षणी ते अचानक हलकं पडतं. नवखा माणूस खूश होतो आणि आणखी फिरवतो. प्रत्यक्षात पुढच्या टायरांनी रस्ता सोडायला सुरुवात केलेली असते. गाडी वळायच्या ऐवजी सरळ जाऊ लागते. हे अंडरस्टिअर. त्यावर इलाज स्टेअरिंग थोडं परत घेणं आणि वेग कमी करणं. याच्या उलट, मागचे टायर सुटले आणि गाडीची शेपूट बाहेर फेकली गेली, तर ते ओव्हरस्टिअर. तेव्हा स्टेअरिंग घसरण्याच्या दिशेने फिरवावं लागतं, त्याला काउंटरस्टिअर म्हणतात. खऱ्या गाडीत ही घसरण आधी पाठीला आणि कंबरेला कळते. खोलीतलं सीट काहीच सांगत नाही. म्हणून सिममध्ये हातांना ऐकायला शिकवावं लागतं.

आणखी एक शब्द कानावर पडेल: क्लिपिंग. सेटिंगमध्ये फोर्स फीडबॅक फार वाढवला की मोटर आपल्या कमाल जोरावर जाऊन अडकते. मग मोठा धक्का आणि लहान धक्का सारखाच लागतो, बारकावे सगळे जातात. स्टेअरिंग जड म्हणजे चांगलं, हा समज त्यामुळे सोडून द्यावा.

(दृश्य: पुन्हा पेडल. या वेळी कॅमेरा खालून, ब्रेकच्या मागची स्प्रिंग आणि एक छोटा धातूचा ठोकळा दिसतो.)

आता आमच्या मते सगळ्यात मोलाची वस्तू. साध्या पेडलमध्ये पोटेन्शिओमीटर असतो. पेडल किती अंतर खाली गेलं एवढंच तो मोजतो. पण खऱ्या गाडीचा ब्रेक अंतरावर चालत नाही. थोडा दबला की तो कडक होतो, आणि पुढचं सगळं काम जोरावर चालतं. हा जोर मोजण्यासाठी चांगल्या पेडलमध्ये लोडसेल बसवतात. साखर कारखान्यावर उसाची ट्रॉली ज्या इलेक्ट्रॉनिक वजनकाट्यावर उभी राहते, त्याच्या खालीही लोडसेलच असतात. काम तेच: धातू किंचित वाकतो, त्यावरून वजन कळतं. थ्रस्टमास्टरच्या टी-एलसीएम पेडलचा सेन्सर १०० किलोपर्यंत मोजतो, फॅनाटेकच्या सीएसएल पेडलला वेगळा जोडायचा लोडसेल ६० किलोपर्यंत. काकांनी खाली दोन आडवे तुकडे का टाकले, ते आता लक्षात येईल.

यातून फरक काय पडतो? पाय किती अंतर गेला हे आपलं शरीर नीट लक्षात ठेवत नाही. किती जोर लावला हे मात्र ते ठेवतं. म्हणून लोडसेल लावल्यावर प्रत्येक फेरीत ब्रेक सारखाच लागू लागतो. पहिल्या दिवशी वेळ सुधारेल असं नाही, उलट पिंडऱ्या दुखतील. पण फेऱ्यांमधला फरक कमी होत जाईल, आणि शर्यतीत तेच लागतं.

(दृश्य: मॉनिटरवर ट्रॅकचा नकाशा. कॅलिफोर्नियातलं लगुना सेका.)

ब्रेकचं हे काम एका वळणावर बघू. ट्रॅक लगुना सेका, ३.६ किलोमीटर, ११ वळणं. माझदा एमएक्स-५ ही छोटी गाडी. या ट्रॅकवरचं कॉर्कस्क्रू नावाचं वळण जगप्रसिद्ध आहे: चढ चढून वर आलात की रस्ता दिसेनासा होतो, आणि जेमतेम १४० मीटरमध्ये सुमारे १८ मीटर खाली कोसळतो. घाटात गाडी चालवलेल्या माणसाला ते फार आवडतं. पण शिकण्यासाठी आपण शेवटचं, अकरावं वळण घेऊ. डावीकडे, चांगलंच आवळलेलं, आणि त्यानंतर लांब सरळ रस्ता.

वळणाआधी ब्रेक कुठे लावायचा, ती खूण म्हणजे ब्रेकिंग पॉइंट. कडेचा फलक असू शकतो, डांबराचा ठिगळ असू शकतो. सावली मात्र घेऊ नये, ती दिवसाच्या वेळेप्रमाणे सरकते. १८० च्या वेगात गाडी सेकंदाला ५० मीटर जाते. म्हणजे सेकंदाचा दहावा भाग उशीर झाला की ५ मीटर गेले, एका गाडीच्या लांबीहून जास्त.

ब्रेक लागला, गाडीचं वजन पुढच्या चाकांवर आलं. आता वळायला सुरुवात करायची, तो टर्न-इन. वळणाच्या आतल्या कडेला गाडी जिथे सगळ्यात जवळ येते तो अ‍ॅपेक्स. वळणातून बाहेर पडून गाडी बाहेरच्या कडेला जाते ती एक्झिट. बाहेरून आत, आतून बाहेर अशी जी मोठी कमान काढली जाते ती रेसिंग लाइन. कडेचे रंगीत उंचवटे म्हणजे कर्ब.

आणि आता डाव्या पायाचं खरं काम. नवखा माणूस ब्रेक दाबतो, गाडी हळू होते, मग पाय पूर्ण उचलतो आणि स्टेअरिंग फिरवतो. पाय उचलला की पुढच्या चाकांवरचं वजन मागे जातं, नेमकं जेव्हा ते पुढे हवं असतं. गाडी वळत नाही. अनुभवी माणूस पाय एकदम उचलत नाही. जसजसं स्टेअरिंग फिरतं, तसतसा तो ब्रेक सोडत जातो, अगदी अ‍ॅपेक्सच्या आसपासपर्यंत. याला ट्रेल ब्रेकिंग म्हणतात. टायरची पकड ही घरात येणाऱ्या एकाच पगारासारखी असते. सगळी ब्रेकमध्ये खर्च केली तर वळायला काही उरत नाही, म्हणून एकीकडचा खर्च आवरत दुसरीकडचा वाढवायचा.

(दृश्य: पडद्यावर दोन आलेख, एक पिवळा, एक निळा.)

हा आलेख म्हणजे टेलिमेट्री. गाडीची प्रत्येक हालचाल इथे नोंदली जाते. पिवळी रेघ या मुलाची, सुरुवातीच्या दिवसांतली. ब्रेकची रेघ सरळ वर जाते, सपाट राहते, सरळ खाली पडते. खोक्यासारखी. हा क्लच शिकलेला पाय. निळी रेघ एका सरावलेल्या चालकाची. तीही झटकन वर जाते, पण मग उतार सुरू होतो, लांब, सावकाश, स्टेअरिंगची रेघ चढत असताना ही उतरत असते. ब्रेकची आणि स्टेअरिंगची रेघ एकमेकींना छेदतात तिथे थांबून बघा. सिम रेसिंगमधलं जे काही शिकायचं ते बरंचसं या छेदाभोवती आहे. नवीन काही विकत घ्यायच्या आधी आपली रेघ अशी बघावी, असं आम्ही प्रत्येकाला सांगू.

(दृश्य: शिफ्टर, हँडब्रेक, हेडसेट. झटपट.)

बाकी सामान भराभर. स्टेअरिंगच्या मागचे दोन पाते म्हणजे पॅडल शिफ्टर, एकाने गियर वर, एकाने खाली. आपल्या गाडीसारखा गियरचा दांडा म्हणजे एच-पॅटर्न शिफ्टर. जुन्या गाड्या चालवायच्या असतील तरच घ्या, आणि मग क्लच लागेल, ब्रेक उजव्या पायाकडे जाईल, ब्रेक दाबलेला असतानाच अ‍ॅक्सिलरेटरला टोला देण्याचं हील-अँड-टो शिकावं लागेल. हँडब्रेक रॅलीसाठी, म्हणजे कच्च्या-पक्क्या रस्त्यांवरच्या मोटार शर्यतीसाठी. तीन पडदे किंवा डोळ्यांवर चढवायचा व्हीआर हेडसेट मिळाला तर शेजारची गाडी दिसते, पण त्यासाठी संगणकाचं ग्राफिक्स कार्ड तगडं लागतं.

एकच पडदा असेल तर तो जवळ आणा, स्टेअरिंगच्या अगदी मागे. आणि एफओव्ही, म्हणजे पडद्यावर किती अंशांचं दृश्य दिसतं, तो आकडा बरोबर करा. २७ इंची मॉनिटर डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर असेल तर आडवा एफओव्ही ५३ अंशांच्या आसपास येतो. सुरुवातीला वाटतं, नळीतून बघतोय. कडेचा रस्ता पळताना दिसत नाही, वेग कमी वाटतो. पण वळण खरोखर जिथे आहे तिथे दिसू लागतं, आणि ब्रेकिंग पॉइंट चुकत नाही. यासाठी एक रुपयाही लागत नाही.

खरेदीआधी एक गोष्ट तपासाच. स्टेअरिंग कोणत्या यंत्राला चालतं? जी२९ प्लेस्टेशन आणि संगणकाला चालतं, जी९२० एक्सबॉक्स आणि संगणकाला. जुनं घेत असाल तर सिममध्ये पेडलचा आलेख उघडा आणि पाय अगदी हळू दाबा. रेघ थरथरली, मध्येच उडी मारली, तर पोटेन्शिओमीटर झिजलाय. स्टेअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून बघा, मध्ये कुठे दाणा लागतो का.

आणि पैशांचा क्रम: आधी न हलणारी बैठक, मग लोडसेल ब्रेक, मग मोठा व्हीलबेस. बाजार हा क्रम नेमका उलटा दाखवतो.

(दृश्य: मॉनिटरवर शर्यतीची यादी.)

कोणतं सॉफ्टवेअर? एकट्याने सराव करायला २०१४ चं असेट्टो कोर्सा अजूनही चांगलं आहे, इटलीतल्या कूनोस सिम्युलाझिओनीने केलेलं. स्वस्तात मिळतं, साध्या संगणकावर चालतं. त्याच कंपनीचं २०१९ चं कॉम्पेतिझिओने फक्त जीटी गाड्यांच्या, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स गाड्यांवरून केलेल्या शर्यतीच्या गाड्यांचं. प्लेस्टेशन असेल तर ग्रान टुरिस्मो ७. शिस्तीत माणसांशी शर्यत करायची असेल तर २००८ पासून चालू असलेलं आयरेसिंग, पण त्याला वर्गणी आहे, आणि गाड्या-ट्रॅक वेगळे विकत घ्यावे लागतात. एमएक्स-५ आणि लगुना सेका मात्र वर्गणीतच मिळतात.

या खोलीतून खऱ्या ट्रॅकवर गेलेली माणसंही आहेत. २००८ साली स्पेनचा लुकास ऑर्दोनेझ ग्रान टुरिस्मोवरची जीटी अकॅडमी स्पर्धा जिंकला आणि पुढे ल मॉंच्या २४ तासांच्या शर्यतीत धावला. फॉर्म्युला वनचा मॅक्स वेर्स्टाप्पेन आजही घरच्या सिमवर रात्री-अपरात्री शर्यती करतो.

आयरेसिंगमध्ये सगळे रूकी लायसन्सपासून सुरुवात करतात, मग डी, सी, बी, ए. वर जायचं तर सेफ्टी रेटिंग लागतं, म्हणजे गाडी किती सांभाळून चालवता याचे गुण. चाकं ट्रॅकबाहेर गेली तर १ इन्सिडेंट पॉइंट, म्हणजे चुकीचा गुण, ताबा सुटला तर २, जोराची धडक झाली तर ४. चूक कुणाची, हे यंत्र विचारत नाही. त्यामुळे धडकेतून वाचायचं कसं हे माणूस लवकर शिकतो. पिवळा झेंडा दिसला की पुढे अपघात आहे, हळू व्हा. निळा झेंडा म्हणजे मागून फेरीने पुढे असलेली गाडी येतेय, तिला जाऊ द्या. पुढच्या गाडीच्या मागे हवेचा अडथळा कमी होऊन वेग वाढतो तो स्लिपस्ट्रीम. फार लांबून वळणात आत घुसणं म्हणजे डाइव्हबॉम्ब, ते करू नका. आणि लाइट जाण्याचा भरवसा नसेल तर संगणकाला यूपीएस लावा. शर्यतीच्या मधोमध गाडी नाहीशी झाली की रेटिंगही जातं.

आज या गाळ्यातली पहिली ऑनलाइन शर्यत. काका शटर खाली ओढून स्टुलावर बसलेत. पुतण्याने ठरवलंय, ग्रिडवर, म्हणजे सुरुवातीच्या रांगेत उभं राहायचं नाही, ट्रॅकच्या बाजूच्या पिटलेनमधून सगळ्यांच्या मागून निघायचं. नवख्याने असंच करावं. दुसऱ्या वळणावर पुढचे तिघं एकमेकांत अडकतात, तो बाहेरून वळसा घालून निघतो. काका विचारतात, "आपल्याला लागलं का रं?"

"नाय काका. शून्य पॉइंट."

अकराव्या वळणावर तो अजूनही ५ मीटर लवकर ब्रेक दाबतो. पण पाय एकदम उचलत नाही.